गोळीचं उद्यापन

आमच्या गावात कोलेस्टेरॉल फार वर्षं एकाच माणसाला होतं, आमच्या माजी सरपंचांना. त्यांना ते शोभायचंही. पांढरी गाडी, बोटात अंगठी, आठवड्यातून चारदा कोणाकडं तरी मटणाचं जेवण, आणि वरून कोलेस्टेरॉल. आम्हा बायकांच्या वाट्याला आपलं कंबर, गुडघे, पित्त आणि अंगावरून जाणं. त्यामुळं मला जेव्हा पहिल्यांदा सांगितलं की मावशी, तुमच्या रक्तात चरबी वाढलीय, तेव्हा खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरंच वाटलं. म्हटलं चला, आपणही बसलो मोठ्या माणसांत.

या गोष्टीला तीनेक वर्षं होतील. आमचं गाव अंबाजोगाईपासून जीपनं तासाभरावर. मी पिठाच्या गिरणीवर बसते. त्याआधी मी आणि मालक अकरा हंगाम ऊसतोडीला गेलो. मग माझ्या पाठीनं राजीनामा दिला, तेव्हा मालकांनी गिरणी घातली आणि मला तिच्यावर बसवलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. पण गिरणीवर बसणाऱ्या बाईला वाचायची तशी गरज नसते, गाव स्वतः चालत येऊन सगळं सांगून जातं. आणि गिरणीचा आवाज असा की गुपितंसुद्धा ओरडूनच सांगावी लागतात. एकदा एक बाई माझ्या कानाशी ओरडत होती आणि नेमका पट्टा तुटला. गिरणी एकदम गप्प, आणि तिचं, "मला तर दोन महिने झाले आलीच न्हाई!" हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. चावडीवरचे म्हातारेसुद्धा उठून दुसरीकडं जाऊन बसले.

पाळी जाण्याबद्दल मी जे शिकले ते इथंच. ज्या बाईची जायची ती म्हणायची, "सुटले गं बाई." सगळ्या सुटायच्याच. सुटल्यावर पुढं काय, हे मात्र कोणी सांगायचं नाही. माझी गेली तेव्हा मी ऐन पौषात दळणाच्या टोपलीनं वारा घेत बसायची. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हिच्या अंगात मोटार बसलीय गिरणीची."

तर त्या वर्षी आषाढीच्या आधी वीस दिवस आमच्या समाजमंदिरात तपासणीचं शिबिर लागलं. अंबाजोगाईहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण बोलायला मोकळ्या. मी माझ्या धाकट्या जावेला ओढत नेलं.

ही जाऊ म्हणजे माझ्या मागची लहान बहीणच म्हणा. दोन घरं सोडून राहते. तेव्हा ती चाळिशीला आली होती. ती आणि भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, अजून दर वर्षी तोडीला जातात. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कोणी विचारत नाही. म्हणून बाईला आजारी पडायची सोय नाही. एकतिसाव्या वर्षी हिच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा कुठल्याशा दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब आहे, काढून टाका, कायमची कटकट जाईल. टोळीतल्या बायकाही म्हणाल्या, बरं होतं, खाडा पडत नाही. काढली. पिशवीबरोबर बाकीचंही काढलं, हे तिला नंतर कोणा दुसऱ्याच डॉक्टरांकडून कळलं. आमच्या गल्लीत अशा ती एकटी नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. माझी चरबी वाढलेली, पण जावेची माझ्याहून जास्त, आणि बीपीही वर.

"आवो, ही तर काडी हाय!" मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. "हिच्या अंगात चरबी ठेवायला जागा कुठंय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "मावशी, रक्तातली चरबी वरून दिसत नाही. पाळी असते तोवर बाईच्या अंगाला एक राखण असते. शेतातला राखणदार गेला की रानडुकरं शिरतात की नाही? तसं. तुमचा राखणदार पन्नाशीला गेला. यांचा एकतिसाव्या वर्षीच हाकलला."

जाऊ माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी आक्का, मी तुमच्यापरीस म्हातारी झाले म्हना की. मग आता पाया पडा माझ्या."

डॉक्टरीणबाईंनी तेल कमी करा, चाला, असं सगळं सांगितलं. त्यावर जाऊ म्हणाली, चालायचं मला सांगता का बाई, मी डोक्यावर मोळी घेऊन चालते. मग दोघींनाही रोज रात्री जेवल्यावर एक गोळी दिली, जावेला बीपीची वेगळी, ती सकाळी. "चार महिन्यांनी परत तपासू," म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा मी याच वाक्यावर उभा केला.

मी माझी गोळी इमानदारीनं सुरू केली. जावेची पट्टी मात्र आठ दिवसांनी मला तिच्या देवळीत सापडली, हळदीच्या डबीमागं. दहाच्या दहा गोळ्या जागेवर. बीपीची तरी दोन-चारदा घेतली होती.

"कावून घेत न्हाईस गं?"

"इसरते, आक्का."

आता ही बाई विसरते यावर माझा विश्वास नाही. टोळीतल्या चौदा कोयत्यांत कोणाच्या किती मोळ्या झाल्या, हे हिला तोंडपाठ. आणि नेमाला तर अशी पक्की की विचारू नका. एका चातुर्मासात तिनं वांगं सोडलं होतं. आमच्याकडं वांगं सोडणं म्हणजे माहेर सोडण्यासारखं. लग्नाच्या पंगतीत सगळं ताट वांग्याचं, तर ही कोरडी भाकरी चटणीशी खाऊन उठली. दुसऱ्या वर्षी जेवताना मौन धरलं, तर भाऊजी म्हणाले, "वैनी, असा नेम बारा म्हयने असतो का बघा की."

तिथं माझ्या डोक्यात आलं. आषाढी चार दिवसांवर होती. मी म्हटलं, "औंदा कशाचा नेम धरणार?"

"न्हाई ठरवलं आजून."

"मग गोळीचा धर. आषाढी ते कार्तिकी, रोज रात्री दिवा लावून झाला की गोळी. खाडा करायचा न्हाई. डॉक्टरीणबाईंनी बी चारच म्हयने सांगितल्यात, बघ कसं जुळून आलंय."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "धरते."

आणि धरला की हो! मी माझ्याच अकलेवर खूश. गिरणीवर सांगितलं, तर रिपोर्टात चरबी निघालेल्या आणखी तिघी सामील झाल्या. आम्ही पाचजणी संध्याकाळी एकमेकींना हाळी देऊन विचारायचो, "झाला का गं नेम?" श्रावण गेला, भादवा गेला, एकीचाही खाडा नाही. पोळ्याला, गौरीला, दिवाळीतसुद्धा तळण बेतानंच. मी मनात म्हणायची, डॉक्टरांनी शिकून जे जमत नाही ते चौथी पास बाईनं केलं.

मग कार्तिकी आली. नेम म्हटला की उद्यापन आलं. वांगं सोडलेल्या बाईनं वांगं दान द्यायचं आणि मग स्वतः खायचं, अशी रीत. पण गोळीच्या नेमाचं दान काय द्यायचं, यावर गिरणीवर मोठी सभा झाली. एक म्हणाली, डॉक्टरीणबाईंची ओटी भरा. दुसरी म्हणाली, गोळी सोडली थोडीच होती, धरली होती, मग आता सोडायची, हेच उद्यापन. शेवटी ठरलं, पुरणपोळीचं जेवण करायचं आणि उरलेल्या गोळ्या नारळाबरोबर देवापुढं ठेवायच्या. माझ्या घरी पंगत बसली. चार महिने आवरलेलं सगळं तूप आम्ही त्या एका दुपारी वसूल केलं. जाऊ पाचवी पोळी घेताना म्हणाली, "आक्का, लई ग्वाड नेम व्हता बघा ह्यो."

त्या वर्षी साखर कारखाने उशिरा पेटले. उद्यापनानंतर चौथ्या दिवशी ट्रॅक्टर आला, आणि जाऊ आणि भाऊजी भांडीकुंडी घेऊन पश्चिमेकडं गेले. बीपीच्या गोळ्या तिनं नेल्या, ती नेमातली नव्हती ना. दुसरी देवापुढंच राहिली.

तीन आठवड्यांनी मी अंबाजोगाईला गेले. दिवाळीतले उरलेले चार अनारसे डब्यात घेतले आणि डॉक्टरीणबाईंना सांगायला बसले, की कसा नेम धरला, कसा एकीचाही खाडा झाला नाही, कसं उद्यापन केलं. आधी त्या खूप हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"उद्यापन म्हणजे? गोळी बंद केली?"

"हो. चार महिने झाले की."

"अहो मावशी, चार महिन्यांनी तपासू म्हणाले होते मी. बंद करा नव्हते म्हणाले. ही गोळी चालू आहे तोवर चरबी खाली. सोडली की पुन्हा आपल्या जागेवर." माझं रक्त काढायला लावलं त्यांनी, आणि तेच निघालं. पुरणपोळीसकट. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमची जाऊ? तिनंही सोडली?"

मी मान हलवली. त्यांनी अनारशाचा डबा बाजूला ठेवला.

"तुमचं एक वेळ ठीक आहे, मावशी. पण तिला बीपी आहे, राखण जाऊन दहा वर्षं झालीत, आणि काम कसलं, तर ओझ्याचं. तिची गोळी बंद राहायला नको होती."

परतीच्या जीपमध्ये मी कोणाशी बोलले नाही. बाजूची बाई दोनदा म्हणाली, "काय हो, बरं न्हाई का?" मी, आणि गप्प! तिला काळजी वाटणारच.

घरी आल्यावर आधी मी आम्हा बाकीच्यांचं मार्गी लावलं. देवापुढची पट्टी उचलायची खरी, पण वाहिलेली वस्तू परत कशी घ्यायची? सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, प्रसाद म्हणून घ्या." पोरीचं डोकं चालतं. बाकी तिघींना डॉक्टरीणबाईंकडं पिटाळलं. मग भाऊजींच्या फोनवर जावेला लावला.

"आक्का, आता कसं? उद्यापन झालंय. उद्यापन झाल्यावर परत धरला तर पयला मोडल्यासारखा. पुढल्या आषाढीला बघू की."

"आगं, तो नेम न्हवता, औषद व्हतं!"

"मग तवा नेम कावून म्हनलात?"

तिकडून कोणीतरी मोळीसाठी हाक मारली. ती घाईत म्हणाली, "ठेवते. मला काय बी झालं न्हाई. जरा दम लागतोय मोळी घेऊन गाडीची शिडी चढताना, पर ते थंडीचं असंल."

फोन ठेवल्यावर तो दम माझ्याच छातीत बसला. दोन दळणं मी जाड काढली, ज्वारीत गहू मिसळला, एका बाईनं चांगलं ऐकवलं. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "गिरणी मी बघतो. तू जाऊन ये, न्हाईतर गावाला कोंडा खायला घालशील."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी आणि गोळ्या दिल्या, आणि बजावलं, दम लागतोय तर आधी तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा, नुसती गोळी देऊन परत येऊ नका. मी लाल डब्यात बसले. बायकांना आता अर्धं तिकीट, त्यामुळं सगळी गाडी बायकांचीच. पहाटे निघाले ते दिवस कलताना पोचले. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आणि चुली पेटलेल्या. मी अकरा हंगाम याच धुरात काढले, पण त्या दिवशी डोळे जास्तच चुरचुरले.

भाऊजी मला बघून उभेच राहिले. "वैनी? घरी सगळं ठीक हाय ना? दादा?"

"सगळं ठीक हाय. गोळी घेऊन आलेय."

"गोळीसाठी? एवढ्या लांब?" ते कोपीकडं तोंड करून ओरडले, "आगं ये, बाहीर ये. तुझा नेम चालत आलाय बघ!"

भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन जाऊ बाहेर आली. मला बघून हसली, पण बारीक झाली होती. मी चुलीपुढं बसले आणि तिच्या हातातला गोळा घेऊन भाकऱ्या थापायला लागले, कारण हात रिकामे असले की मला बोलता येत नाही. एसटीत दिवसभर जमवलेले मुद्दे एकेक काढले. तुळशीला पाणी घालायचं कोणी उद्यापन करतं का? कुंकवाचं करतं का? ती नुसती हूं हूं करत होती. शेवटी माझे मुद्दे संपले.

मी म्हटलं, "हे बघ, मी तुला फसवलं. देवाचं काय बी न्हवतं त्यात. तू घेत न्हवतीस, मला भ्या वाटत व्हतं, म्हनून नेमाचं काढलं मी."

"ते काय मला म्हाईत न्हवतं का?" ती म्हणाली. "आक्का, कोन्या देवानं गोळी सांगितलीय? तुमी सांगितलं म्हनून धरला."

माझी भाकरी तव्यावर वाकडी पडली. "मग आता बी मीच सांगतेय की!"

तिनं चुलीत पाचट सारलं. म्हणाली, "मला शेवट असलेलं जमतं, आक्का. मागं त्या डॉक्टरनं म्हनलं, काढून टाका, कायमची कटकट जाईल. कायमची म्हनला त्यो. तवापासून मला कोनी कायमचं म्हनलं की पोटात गोळा येतो. चार म्हयने म्हनलात, मी मोजून घेतल्या. ऊस बी मी कावून तोडते? फड संपतो म्हनून. न संपनारा फड कोन तोडंल?"

मीही अकरा हंगाम तोडलाय. समोर उभ्या सगळ्या उसाकडं बघितलं की बाईचा हात उचलत नाही. आम्ही आपल्या वाट्याच्या सऱ्यांकडं बघायचो. फड संपला की गूळ-शेंगदाणे खायचो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा फड असायचाच. पण त्याचं दुसऱ्या दिवशी.

मी पिशवीतून एक पट्टी काढली. "हे बघ. ह्या दहा. हा एक फड. हा संपला की उद्यापन. मला फोन लावायचा आन् सांगायचं, आक्का, फड संपला."

"आन् मग?"

"मग काय, त्या दिवशी गूळ-शेंगदाणे खा."

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी बघू. आज कोन इचारतंय?"

ती माझ्याकडं तशीच बघत राहिली, नेम धरताना बघितलं होतं तशी. मग भाऊजींना म्हणाली, "ऐकलंत का, ही बाई मला आजून फसवतीय." आणि पट्टी माझ्या हातातून घेऊन कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या मिश्रीशेजारी टाकली. मिश्री सोड, हेही मी त्याच वेळी सांगायला गेले, तर भाऊजींनी मला हातानंच थांबवलं. "वैनी, एका दिवसात एकच फड." बाकीच्या पट्ट्या मी गुपचूप त्यांच्याकडं दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाडा केला. सरकारी दवाखान्यात हृदयाची, ईसीजीची पट्टी काढली. ती आमच्यासमोर मशिनीतून सरसर बाहेर येत होती, तेव्हा जाऊ माझा हात धरून बसली होती, आणि मी, जिचं तोंड कधी बंद नसतं ती मी, मनात एकेक देव मोजत होते. डॉक्टर म्हणाले, पट्टी ठीक आहे. दम रक्त कमी असल्यामुळं लागतोय. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, बीपी मोजत राहा म्हणाले, आणि रात्रीची गोळी सोडायची नाही, असं वर बजावलं.

"घ्या," जाऊ बाहेर येऊन म्हणाली, "एक गोळी घेऊन आलात आन् दोन करून चाललात."

पहिला फोन अकराव्या दिवशी आला. मी गिरणी बंद करून तो घेतला. "आक्का, फड संपला." दुसरा त्यानंतर बाराव्या दिवशी, मध्ये दोनदा विसरली म्हणे, आणि ते खरं विसरणं होतं. होळीनंतर ती परत आली तेव्हा गाठोड्यातून रिकाम्या पट्ट्यांचा जुडगा काढून माझ्यापुढं टाकला, सुतळीनं बांधलेला, मोळीसारखा. अंबाजोगाईला तपासलं, तर चरबी पुरती जागेवर नव्हती, पण उतरली होती. बीपी आटोक्यात. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, रोज घेता ना? ती म्हणाली, "रोजचं मला म्हाईत न्हाई बाई. मी धाच घेते."

आता गिरणीवर येणाऱ्या कितीतरी जणींच्या पिशवीत पट्टी असते. सरपंचांची मक्तेदारी गेली ती गेलीच. परवा तेच दळणाला आले आणि मलाच विचारत होते, वहिनी, जवसाची चटणी चालते का हो कोलेस्टेरॉलला.

जाऊ यंदा अजून गावातच आहे, ट्रॅक्टर यायला आठवडा आहे. तरी दहा दिवस झाले की दोन घरांवरून फोन लावते. काल गिरणी चालू होती, काही ऐकू येईना. मी ओरडले, "मोठ्यानं बोल!" तर ती तिच्या दारात येऊन, फोन कानाला तसाच धरून ओरडली, "आक्का, फड संपला म्हनते! शेंगदाने आना!"

मी डबा घेऊन निघाले. गूळ तिच्याकडं असतोच.